पाहणाऱ्याचे देणे



या व्याख्यानमालेत माझ्याआधी बोलून गेलेली मंडळी साहित्याची जाणकार होती. मी चाळीस वर्षे या गावात साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा माणूस. म्हणून सचिवांनी विषय विचारला तेव्हा ‘प्रवासातल्या दोन रात्री’ एवढेच सांगून मी वेळ मारून नेली. आता मात्र खरे बोलावे लागेल.

गेल्या दोन वर्षांत मी सपत्नीक दोन नाच पाहिले. पहिला दक्षिण अमेरिकेत, ब्युनोस आयर्स शहरात, टँगोचा. दुसरा पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला, लावणीचा. पहिल्याचे फोटो मी दवाखान्यात खोकला घेऊन आलेल्या माणसांनासुद्धा दाखवले. इथे बसलेल्यांपैकी निदान दहा-बारा जणांनी ते पाहून ‘वा, डॉक्टर!’ म्हटले आहे. दुसऱ्या रात्रीबद्दल मी आजवर कोणाशी बोललो नाही. सख्ख्या भावालाही ‘कुंथलगिरीचे दर्शन छान झाले’ एवढेच सांगितले.

असे का झाले, हे मला स्वतःला नीट समजून घ्यायचे आहे. आपण सोबत असाल तर ते जरा सोपे जाईल.

आधी टँगोची रात्र सांगतो. आम्ही पर्यटन कंपनीच्या सहलीत होतो. डिसेंबरात तिकडे उन्हाळा, सूर्य आठच्या सुमारास मावळतो. तिकिटात जेवण धरलेले होते. पण तो देश गोमांसासाठी प्रसिद्ध, आणि आम्ही सूर्यास्तानंतर न जेवणारे. तेव्हा दिवस असतानाच हॉटेलच्या खोलीत उज्जैनची शेव आणि खाकरे खाऊन आम्ही निघालो. नाट्यगृहात टेबलांवर पांढऱ्या चादरी, मंद दिवे, शेजारी नटूनथटून आलेली कुटुंबे. नाच दहानंतर सुरू झाला. मंचाच्या मागच्या बाजूला वादक होते: पियानो, व्हायोलिन, उभा ठेवून वाजवायचे मोठे व्हायोलिनसारखे वाद्य, आणि मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी ताणायचे-दाबायचे एक पेटीसारखे वाद्य. त्याला बँडोनियन म्हणतात. भाता उघडताना एका बटणाचा एक स्वर येतो, मिटताना त्याच बटणाचा दुसरा. त्या आवाजात असा काही हुंदका आहे, की भाषा न कळताही घशाशी काहीतरी येते.

नाचणारी जोडपी एकमेकांना इतकी बिलगून नाचत होती की पहिली पाच मिनिटे मी छताकडे पाहत होतो. मग बायको म्हणाली, “अहो, पायांकडे बघा.” मी पाहिले. दोघांचे चार पाय एकमेकांत शिरत, निसटत, थांबत होते आणि एकदाही अडखळत नव्हते. ती रात्र उत्तम गेली, हे मी आजही म्हणेन. प्रयोगाची छापील पत्रिका मी जपून आणली आहे. तिच्यात प्रत्येक नर्तकाचे आणि वादकाचे नाव आहे.

आल्यावर मी टँगोबद्दल थोडे वाचले आणि चकित झालो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि पलीकडच्या काठावरचे माँटेव्हिडिओ या बंदरांच्या वस्त्यांत हा नाच जन्मला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, इटली-स्पेनमधून पोटासाठी आलेले मजूर, खलाशी, कुंटणखाने, गुत्ते यांच्यात तो वाढला. त्या शहरातली घरंदाज मंडळी त्याचे नाव काढत नसत. पुढे १९१३ च्या सुमारास पॅरिसला टँगोचे वेड लागले. पॅरिसने डोक्यावर घेतले म्हटल्यावर ब्युनोस आयर्सच्या दिवाणखान्यांचीही दारे उघडली. २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातले. आणि मग उज्जैनचा एक जैन डॉक्टर बायकोला घेऊन, तिकीट काढून, पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी बसून तो पाहून आला आणि कौतुकाला पात्र झाला.

आता दुसरी रात्र.

कुंथलगिरी हे आम्हा दिगंबरांचे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण मुनींची मोक्षभूमी, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली ती जागा. दर्शन करून आम्ही भाच्याच्या गाडीने पुण्याकडे परतत होतो. भिगवणच्या अलीकडे, ऊन असतानाच, झाडाखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पाटस मागे पडल्यावर भाचा जरा चाचरत म्हणाला, “मामा, पुढे चौफुला लागेल. तिथली कला केंद्रं प्रसिद्ध आहेत. लावणी... म्हणजे, सहजच सांगतोय.” मी गंभीर चेहरा करून म्हणालो, “आपण तीर्थयात्रेहून येतोय.” मागून बायको म्हणाली, “बंदरातला नाच बघायला सातासमुद्रापार गेलात ते? घ्या गाडी आत.”

आपल्यापैकी अनेकांनी संगीत बारी पाहिली नसेल, म्हणून थोडे सांगतो. तंबू ठोकून गावोगाव फिरणारा ढोलकी-फडाचा तमाशा वेगळा. त्यात गण, गौळण, बतावणी, वग असतो. संगीत बारी म्हणजे एका ठिकाणी, थिएटरात, अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. पार्टीची मालकीण बहुधा बाईच. तिच्या बहिणी, भाच्या, मुली नाचतात, कोणी एक गाते. ढोलकीवाला, तबलेवाला, पेटीवाला साथीला. प्रत्येक पार्टीची पाळी येते, तीच बारी. लोक फर्माईश करतात, पैसे देतात, त्याला दौलतजादा म्हणतात. हल्ली फर्माईश बहुतेक सिनेमाच्या गाण्यांची असते. जुनी, बैठकीची लावणी मागणारा क्वचित भेटतो.

आम्हाला पाहून व्यवस्थापक गोंधळला. बाईमाणूस बरोबर घेऊन येणारे फार नसावेत. त्याने कडेला दोन खुर्च्या टाकल्या. दोन पार्ट्यांची बारी झाली, सिनेमाची गाणी झाली. तिसऱ्या पार्टीला भाच्याने धीर करून जुनी लावणी मागितली. तेव्हा इतका वेळ मागे बसलेली, पन्नाशीची एक बाई पुढे सरकली.

तिने बसूनच लावणी सुरू केली. बालेघाटी होती, म्हणजे विरहाची. बैठकीच्या लावणीत पायांना काम नसते, सगळे काम डोळे, भुवया, बोटे आणि पदराचा काठ यांना असते. यालाच अदा म्हणतात. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेत होती. एकदा त्या ओळीत राग होता, एकदा लाज, एकदा नुसता थकवा. मागे पेटी वाजत होती, आणि मी दचकलो. तो हुंदका मी ऐकला होता.

मग लक्षात आले की ही दोन वाद्ये चुलत भावंडेच. बँडोनियन जर्मनीत तयार झाले, हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. दोन्हींत हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्या. दोन्ही वाद्ये प्रार्थनेला साथ करीत असत, मोठा ऑर्गन न परवडणाऱ्यांच्या कामी येत. एक ब्युनोस आयर्सच्या गुत्त्यात पोचले, दुसरे आपल्या भजनात आणि फडात. आपल्याकडे तर पेटीलाही सोवळेओवळे सोसावे लागले. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. आज तिच्याशिवाय आपली नाट्यगीताची बैठक रंगत नाही.

त्या बाईचा डावा पाय मांडी घातलेला होता, उजवा पुढे लांब सोडलेला. नऊवारीच्या काठाखालून घुंगरू बांधलेला तो पाय ती अधूनमधून हलकेच सरकवी, आणि प्रेक्षकांतून दाद येई. मलाही ती तऱ्हा आवडली. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्यातला डॉक्टर जागा झाला. पाय सरकवण्याआधी ती श्वास धरत होती. गुडघा वाकतच नव्हता. ज्याला आम्ही अदा समजून दाद देत होतो ते दुखणे होते.

लावणीचा शेवट द्रुत होता. आता उठून नाचायला हवे. तिने ढोलकीवाल्याच्या खांद्याकडे हात नेला, अर्धी उठली आणि पुन्हा बसली. त्याच क्षणी मागची, तशीच हिरवी नऊवारी नेसलेली एक तरुण मुलगी पुढे झाली आणि ताल न चुकवता तिने नाच उचलला. गाणे एका क्षणासाठीही थांबले नाही. समोरचे लोक टाळ्या वाजवत राहिले. नाचणारी बदलली, हे बहुतेकांच्या गावीही नव्हते.

मला नीलांजना आठवली.

ही कथा आमच्या घरात सगळ्यांना पाठ असते. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात ती सांगितली आहे. ऋषभदेव राज्य करीत होते, भोगात रमले होते. त्यांना वैराग्य यावे म्हणून इंद्राने नीलांजना नावाच्या अप्सरेला दरबारात नाचायला पाठवले. तिचे आयुष्य संपत आले होते. नाचता नाचता ती विरून गेली. रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने तत्क्षणी हुबेहूब तशीच दुसरी तिथे उभी केली. नाच चालूच राहिला. सभेला काही कळले नाही. एकट्या ऋषभदेवांना कळले, आणि ते राज्य सोडून निघाले.

लहानपणापासून या कथेचा अर्थ मी एकच ऐकला: संसार क्षणभंगुर आहे. तो अर्थ खरा आहेच. त्या रात्री मात्र कथेचे दुसरे टोक हातात आले. सभेला जे दिसले नाही ते ऋषभदेवांना का दिसले? दिव्यज्ञान होते म्हणून, असे आमचे पंडित सांगतील. मला वाटते, त्या सभेत नाच पाहणारे पुष्कळ होते, आणि नाचणारीला पाहणारा एकच होता. बाकीच्यांचा रसभंग होऊ नये ही काळजी इंद्राने घेतलीच होती. आपलीही तेवढीच काळजी असते. गाणे थांबू नये.

बारी संपल्यावर भाच्याने मोठेपणाने सांगून टाकले की मामा डॉक्टर आहेत. त्या बाईने आम्हाला मागच्या खोलीत बोलावले. माझ्या बायकोला आधी बसायला दिले, पाणी दिले. गुडघा सुजलेला होता, आणि ते दुखणे आजचे नव्हते. पायातल्या घुंगरांच्या माळा मी हातात घेऊन पाहिल्या. किलोच्या मापातले ते ओझे बांधून तीस-पस्तीस वर्षे पाय आपटलेला. मी सांगितले, एक्स-रे काढा, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा आणि निदान तीन आठवडे पायाला पूर्ण विश्रांती द्या. ती हसली.

“डाक्टर, मी तीन आठवडे बसले तर पार्टी बसंल की. आठ माणसं जेवत्यात हिच्यावर.”

मी प्रवासातली माझी लहान पेटी उघडून काही गोळ्या पुडीत बांधून दिल्या. त्यांनी तिचे समाधान झाले असेल. पण त्या गुडघ्याला विश्रांती हवी होती, आणि ती माझ्या पेटीत नव्हती. निघताना भाच्याने पैसे पुढे केले तर तिने ते माझ्या बायकोच्या हातात परत दिले. म्हणाली, “दवा दिली ना. फिटलं.”

गाडीत कोणी बोलले नाही. आणि उज्जैनला आल्यावर मीही बोललो नाही.

मित्रहो, आपली घराणी इथे शिंद्यांबरोबर आणि त्यांच्या मागोमाग आली. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी हेच गाव होते. येताना आपण देवघर आणले, पुरणपोळी आणली, गणपती आणला, पुढे नाट्यसंगीत आणि कीर्तन आणले, आणि ते सगळे दोनशे वर्षे जपले, याचा मला अभिमान आहे. लावणी तेवढी मागे ठेवली. खरे तर ती त्याच काळातली, त्याच छावण्यांतली आपलीच वस्तू. रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. पेशवाईच्या उत्तरकाळात या सगळ्यांनी ती लिहिली. शाहिरांची नावे आपण पाठ्यपुस्तकात शिकलो. ती गाणाऱ्या, नाचणाऱ्या बायकांची नावे पाठ्यपुस्तकात नव्हती. वाईच्या यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, वयाची नव्वदी उलटल्यावर.

कोणी म्हणेल, उज्जैनसारख्या तीर्थक्षेत्रात हे बोलणे शोभत नाही. त्यांना मी आपल्याच कवीकडे पाठवतो. पूर्वमेघात यक्ष मेघाला सांगतो की वाट थोडी वाकडी झाली तरी उज्जयिनीला जा आणि महाकालाच्या संध्यापूजेपर्यंत थांब. त्या पूजेत नाचणाऱ्या बायका आहेत. कालिदासाने त्यांना वेश्याच म्हटले आहे, शब्द झाकलेला नाही. त्यांच्या पावलांबरोबर कमरेचे अलंकार वाजतात हे तो सांगतो, तसेच रत्नजडित दांड्यांच्या चवऱ्या ढाळून त्यांचे हात दमले आहेत हेही सांगतो. तुझ्या पहिल्या थेंबांनी त्यांना बरे वाटेल, असे मेघाला म्हणतो. दर वर्षी कालिदास समारोहात आपण त्या कवीचा जयजयकार करतो. त्याच्या डोळ्यांना दमलेले हात दिसले होते, हे मला पासष्टाव्या वर्षी चौफुल्याहून आल्यावर मेघदूत पुन्हा उघडले तेव्हा कळले.

यावर एक आक्षेप मीच घेतो. लावणीचे गोडवे गाणे सोपे आहे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली आले, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. तमासगिरिणीचा मुलगा, डॉक्टर झाला, नावात वडिलांच्या जागी आईचे नाव लावले. त्या पुस्तकात मंचामागचे जे घर दिसते, मुलींना कोणत्या वयात पायात चाळ बांधावे लागतात आणि त्यांच्या कमाईवर कोण जगते, ते वाचल्यावर ‘आपला थोर वारसा’ म्हणताना जीभ अडखळते. अडखळलीच पाहिजे. कला टिकावी म्हणून त्या घरच्या मुलीने शाळा सोडावी, असे म्हणण्याचा मला काही अधिकार नाही. पण हेही पाहा: शोषण होते म्हणून आपण तोंड फिरवले, त्याने ते शोषण कमी झाले का? तोंड फिरवणाऱ्यांनी जागा सोडली, आणि समोर फक्त शिट्टी वाजवणारे उरले. टँगोला पॅरिसने प्रतिष्ठा दिली. लावणीसाठी आपण कोणत्या पॅरिसची वाट पाहत आहोत?

म्हणून कार्यकारिणीपुढे एक साधी सूचना ठेवतो. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांत एक संगीत बारी बोलवावी. दुपारी, सभागृहात, सहकुटुंब बसून ऐकावी. फर्माईश जुन्या बैठकीच्या लावणीची करावी. मानधन आधी ठरवून, आपण शास्त्रीय गायकाला देतो तसे पाकिटात द्यावे. मंचावर जाड सतरंजी घालावी. गुडघ्यांसाठी, हे डॉक्टर म्हणून सांगतो. आणि कार्यक्रमपत्रिकेत ढोलकीवाल्यापासून सगळ्यांची नावे छापावीत.

हे शेवटचे मी का म्हणतो, ते सांगून थांबतो.

मी रोज दवाखान्यात केसपेपर लिहितो. होमिओपॅथीत तो लांबलचक असतो. झोप, स्वप्ने, भीती, तहान, सगळे विचारतो. पण पहिली ओळ प्रत्येक डॉक्टरची सारखीच असते: रुग्णाचे नाव. चाळीस वर्षांत ती ओळ मी कधी रिकामी सोडली नव्हती. हे व्याख्यान लिहायला बसलो तेव्हा टेबलावर टँगोची पत्रिका होती, त्यात सगळी नावे होती. आणि चौफुल्याच्या त्या बाईबद्दल लिहिताना माझा हात थांबला. मी तिचा गुडघा तपासला, तिच्या घरचे पाणी प्यालो, तिला पुडी बांधून दिली. तिचे नाव मी विचारलेच नाही. नीलांजनेचे नाव निदान पुराणाने तरी ठेवले.

बायकोला विचारले, “तुला आठवते का?” ती म्हणाली, “तिने सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत. पुढच्या खेपेला मी विचारीन.”

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा कुंथलगिरीला जाणार आहोत. परतताना चौफुल्याला थांबू. या वेळी भाच्याला चाचरावे लागणार नाही. आणि आल्यावर भावाला मी दोन्हीही ठिकाणांचे सांगेन.